एकाच नावाच्या दोन प्रती

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात कुणाला फोनवरून जुनी वस्तू घ्यायची असली, की आधी ग्लेनिस पेंगेलीला दाखवायची, असा रिवाजच पडून गेला होता. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ती शनिवारी गल्ल्यामागे बसायची. कपबशा आणि स्वेटर घ्यायला येणारी माणसं वेगळी आणि हातात फोन धरून आलेली वेगळी. "ग्लेनिस, बघ गं जरा, खरं वाटतंय का हे?" असं म्हटलं की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि फोन पार नाकाशी न्यायची.

"माणूस काय लिहितो ते वाचत बसू नका," ती सांगायची. "फोटोतलं टेबल बघा. पहिल्या फोटोत लाकडी टेबल, दुसऱ्यात संगमरवरी, तिसऱ्यात काचेचं. इतकी टेबलं असलेला माणूस जुनी कॉमिक्स विकून पोट भरेल होय?"

रांगेतली माणसं हसायची, पण फोन खिशात घालून मुकाट्यानं घरी जायची.

तिचा स्वतःचा जीव होता सॉल्टबुश जॅकवर. तोंडाला रुमाल बांधून खाऱ्या माळावर घोडा उधळणारा हा गडी तिच्या लहानपणी दर पंधरवड्याला वर्तमानपत्रवाल्याच्या दुकानात यायचा. वर रंगीत मुखपृष्ठ, आत काळ्या शाईतली चित्रं, आणि कागद असा की ओल्या बोटाला चिकटून यावा. बहुतेक आयांनी ते अंक न्हाणीघरातला बंब पेटवायला वापरले. म्हणून तर जे उरले त्यांना आता लोक बाळासारखं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात. ग्लेनिसनं पाहुण्यांच्या खोलीतलं अख्खं कपाट त्यांच्यासाठी रिकामं केलं होतं. पाहुणे आले की बैठकीतल्या कोचावर झोपायचे.

सुरुवातीला तीही फसली होती. ओळखीचा माणूस समजून थेट पैसे पाठवले आणि पुडक्यातून निघाली किराणा दुकानाची जाहिरातपत्रकं. त्या दिवशी तिनं कोंबडीचे भाव वाचत वाचत रडून घेतलं आणि डोळे पुसून सॉल्टबुश जॅकच्या चाहत्यांचा एक गट फोनवर सुरू केला. गटाचे नियम तिनेच घातले. विकणाऱ्यानं अंकाशेजारी चिठ्ठी ठेवायची, चिठ्ठीवर विचारणाऱ्याचं नाव आणि त्या दिवसाची तारीख हातानं लिहायची, आणि तसा ताजा फोटो पाठवायचा. जुना, कुठून तरी उचललेला फोटो तिथंच उघडा पडतो. पैसे अशाच वाटेनं पाठवायचे, की माल आला नाही तर ते परत मागता येतील. गट सोडून 'मला फोन करा' म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहायचं. आणि अंकावर आपण हात फिरवला असेल, पिना बदलल्या असतील, रंग भरला असेल, डाग काढला असेल, तर आधी सांगायचं. "न सांगणं म्हणजे गोड बोलून केलेली फसवणूकच," असं ती ठणकावून लिहायची.

हे सगळं खरंच होतं. म्हणून तर पुढं जे झालं ते तिला इतकं लागलं.

झालं ते असं. सातूच्या कापणीच्या आधी, उत्तरेकडचा गरम वारा सुटला होता तेव्हा, गटावर एक फोटो आला. सॉल्टबुश जॅकचा एकतिसावा अंक. खाली एवढंच लिहिलेलं: अदलाबदल करायची आहे, फोन करा, आर्न रोवेट, वालरू, आणि एक नंबर. वालरू म्हणजे शेजारचंच बंदराचं गाव.

ग्लेनिसनं फोटो मोठा केला आणि तिच्या अंगावर काटाच आला. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'रोवेट' लिहिलं होतं. त्या काळी वर्तमानपत्रवाले असंच करायचे. ज्या घरी अंक लावलेला असेल त्या घराचं आडनाव कोपऱ्यात लिहून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला विकला जाऊ नये. हे अक्षर ग्लेनिसच्या ओळखीचं होतं. शेवटच्या इंग्रजी 'टी'वरची आडवी रेघ अशी लांब ओढलेली, की खाली जॅकच्या टोपीला टेकावी. हाच अंक तिनं कितीतरी वर्षांपूर्वी पोर्ट पिरीच्या एका विक्रेत्याकडून घेतला होता. तो तिच्या कपाटात होता!

"डेस," तिनं नवऱ्याला हाक मारली, "एक जण मलाच माझा अंक विकतोय बघ."

"घे मग. स्वस्त देतोय का?" डेसनं बागेतूनच विचारलं.

तिनं नियमाप्रमाणं त्या माणसाला गटावर लिहिलं की चिठ्ठी ठेवून फोटो पाठवा. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, तरी नाही. फोन करायला तर तिनेच सगळ्यांना मनाई केलेली. मग तिची खात्रीच पटली. पोर्ट पिरीच्या विक्रेत्याचा जुना फोटो यानं कुठून तरी उचललाय. आडनावसुद्धा लबाडानं मुखपृष्ठावरूनच उचललं असणार! तिनं लाल अक्षरांत लिहिलं, "सावध राहा. वालरूचा आर्न रोवेट म्हणवणारा हा माणूस लबाड आहे. हा अंक माझ्या घरी आहे. फोटो चोरलेला आहे." आणि त्याला गटातून काढून टाकलं.

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कुणी टाळ्या पाठवल्या, कुणी लिहिलं, 'ग्लेनिसच्या चष्म्यातून माशीसुद्धा सुटत नाही.' वालरूच्या एकानं लिहिलं, 'आर्न होय? आमच्या क्लबात हिरवळीवरचं बोलिंग खेळतो की. विचारतो त्याला उद्या.' ते वाचून ग्लेनिसच्या मनात बारीकसं काहीतरी हललं. खरंच कुणी आर्न रोवेट आहे? पण तोवर पेस्ट्यांचं, म्हणजे मटण भरलेल्या मोठ्या करंज्यांचं, पीठ मळायची वेळ झाली होती. तिनं बटाटा, स्वीडचा कंद आणि मटण चिरायला घेतलं आणि ते हललेलं तसंच राहिलं.

पुढच्याच शनिवारी दुकानात थेल्मा नॅनकेर्विस देणगीत आलेले पडदे घडी घालत होती. थेल्माचे वडील वालरूचे जुने वर्तमानपत्रवाले. ग्लेनिस लग्न होऊन माउंट गॅम्बियरहून आलेली, त्यामुळं इकडच्या जुन्या घरांची माहिती तिला थेल्माकडूनच मिळायची.

"काय गं," थेल्मा म्हणाली, "आर्न रोवेटला तू चोर म्हणालीस म्हणे?"

"तू ओळखतेस त्याला?"

"ओळखते? अगं, त्या दोघा भावांनी आमच्या बाबांचं डोकं खाल्लं होतं. आर्न आणि क्लेम. दुकानाच्या दारातच अंक ओढाओढी करून फाडला एकदा. अर्धा जॅक याच्या हातात, घोडा त्याच्या हातात. त्यांच्या आईनं दोघांना कानाला धरून नेलं आणि बाबांना सांगून गेली, इथून पुढं आमच्या घरी दोन लावा. गावात दोन अंक घेणारं तेवढं एकच घर. बाबा दोन्हींवर रोवेट लिहायचे आणि एका सुतळीत बांधून ठेवायचे."

ग्लेनिसच्या हातात कुणाच्या तरी लग्नातली चहादाणी होती. ती तिनं जपून खाली ठेवली.

"दोन?"

"दोन म्हणजे दोन. तू बघितलंस ना नीट, आरोप करण्याआधी? तू तर सगळ्यांना सांगत असतेस, वस्तू हातात घेऊन बघा म्हणून."

ग्लेनिसनं चहादाणीचं झाकण नीट बसवलं. तिनं बघितलं नव्हतं. कपाट दहा पावलांवर होतं, पण दार उघडून पिशवी बाहेर काढायचा तिला कंटाळा आला होता. छे, कंटाळाही नव्हे. तिला गरजच वाटली नव्हती.

घरी जाऊन तिनं अंक काढला, फोनवरचा फोटो शेजारी धरला. एका नजरेत कळणारी गोष्ट होती. तिच्या अंकाच्या वरच्या पिनेला गंज धरलेला, फोटोतली पिन स्वच्छ. तिच्याकडची रेघ टोपीला टेकते, फोटोतली टोपीवरून पार कानापर्यंत जाते. दुसऱ्या कुणी दाखवलं असतं तर चष्मा न लावता तिनं फरक सांगितला असता.

डेस दारात उभा राहून बघत होता.

"मी जाऊन माफी मागते त्याची," ती म्हणाली. "उद्याच जाते वालरूला."

"जा. पण ग्लेन, चौकात उभं राहून ओरडलीस आणि माफी मात्र त्याच्या स्वयंपाकघरात मागणार?"

"तू गप्प बस रे."

"बसतो," डेस म्हणाला आणि गप्प बसला. त्याचं गप्प बसणं बोलण्यापेक्षा वाईट असायचं.

संध्याकाळी तिनं गटावर लिहिलं: चूक माझी. अंक दोन आहेत. आर्न रोवेट खरा माणूस आहे आणि मी तपासल्याशिवाय त्याला लबाड म्हटलं. आधीच्या मजकुराला लोकांनी भरभरून उत्तरं दिली होती. याला चार-पाच जणांनी अंगठ्याची खूण पाठवली, एकानं 'होतं असं कधीतरी' लिहिलं आणि पुढं दुसऱ्याच अंकाची चर्चा सुरू झाली.

वालरूच्या धक्क्यावर आर्न रोवेट खेकड्यांची जाळी सोडून बसला होता. लांबोडका, वाळका म्हातारा. डोक्यावर धान्याच्या कोठारातली जुनी टोपी, सगळा जन्म त्यानं तिथंच काढलेला. ग्लेनिसनं नाव सांगितलं. त्यानं मान वळवली नाही.

"चिठ्ठीवाली बाई का?" तो म्हणाला.

"हो. मी... मला माफ करा, आर्न. माझी फार मोठी चूक झाली."

"ते फोनवरचं माझ्या भाचीनं टाकलं होतं. शोना. टाकलं आणि ॲडलेडला निघून गेली. मला त्यातलं काही दिसत नाही. तिनं सांगितलं, मामा, फोन येईल, जवळ बसा. मी बसलो." त्यानं दोरी जराशी ओढून पाहिली. "फोन आला. एक जण म्हणाला, लाज वाटत नाही का या वयात? मला वाटलं, राँग नंबर."

ग्लेनिसला धक्क्याच्या फळ्यांमधून खालचं हिरवं पाणी दिसत होतं. वर बघायची तिची हिंमत होईना.

"क्लबात गेलो," तो पुढं म्हणाला, "तर बिल ओट्स म्हणतो, पाकिटं सांभाळा रे, आर्न आला. सगळे हसले. मीही हसलो. बिल गमतीत बोलला. पण नंतर मी आत गेलो की त्यांचं बोलणं थांबायचं, बाहेर आलो की पुन्हा सुरू व्हायचं. तेव्हापासून गेलो नाही."

"मी गटावर लिहिलंय सगळं. चूक माझी म्हणून."

"कोणी वाचलं?"



तिनं पिशवीतून अंक काढला. "थेल्मानं सांगितलं मला, दोन होते. हा तुमच्या भावाचा असणार. तुमचा तुम्ही घ्या. मला काही नको."

आता मात्र त्यानं तिच्याकडं बघितलं. मग जाळी वर ओढली, दोन खेकडे बादलीत टाकले आणि म्हणाला, "इथं वाऱ्यात काढू नकोस. घरी चल."

त्याच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या पत्र्याचं टेबल होतं. क्लेम गेला आणि वहिनीनं घर आवरताना त्याचे सगळे अंक एका फेरीवाल्याला देऊन टाकले, हे त्यानं चहा ठेवता ठेवता सांगितलं. "तिचा दोष नाही. तिला वाटलं, कागदच आहेत. मला क्लेमचा फक्त एक हवा होता. हा एकतिसावा. माझा माझ्याकडं आहे. पण तो माझा आहे."

तो समोर बसला. "हा क्लेमचाच कशावरून?"

"नाव आहे ना वर."

"नाव तर माझ्या अंकावरही आहे. तूच सगळ्यांना सांगतेस म्हणे, नुसत्या नावावर जाऊ नये. चिठ्ठी ठेव. माझं नाव लिही. फोटो काढ."

चेष्टा करतोय का, हे तिला कळेना. पण तिनं पर्समधून कागद काढला, त्यावर 'आर्न रोवेट' आणि तारीख लिहिली, अंकाशेजारी ठेवली आणि फोटो काढून त्याला दाखवला. फोटो हलला. त्यानं दुसरा काढायला लावला.

"ठीक," तो म्हणाला. "आता खूण. दुकानाच्या दारात आम्ही अंक का फाडला, थेल्मानं सांगितलं का?"

"भांडण झालं म्हणाली."

"क्लेमनं जॅकच्या घोड्याला मिशी काढली होती. पेन्सिलीनं. मला घोडा फार आवडायचा. मी चिडलो, ओढला, फाटला. मग आईनं दोन लावले, तर हा गाढव स्वतःच्या अंकातल्या सगळ्या घोड्यांना मिशा काढत सुटला. मला दाखवून दाखवून. या एकतिसाव्यात सगळ्यात जास्त घोडे आहेत. मधलं पान उघड."

ग्लेनिसचा हात अंकावर तसाच राहिला.

तिला ते पान चांगलं आठवत होतं. अंक आला त्या दिवशी तिनं तो उघडला आणि कुणा पोरानं केलेली घाण बघून तिला वाईट वाटलं होतं. कपाटातून चित्रकारांचं मऊ रबर आणून ती दुपारभर त्या पानावर बसली होती. एकेक मिशी, हलक्या हातानं, कागदाला इजा न करता. नंतर डेसला बोलावून दाखवलं होतं, बघ, कळतंय का कुठं होतं ते? अंकाच्या पिशवीवर तिनं 'उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं. खोडल्याचं लिहिलं नव्हतं. विकायचा नाही तर कशाला लिहायचं, असं वाटलं होतं.

आत्ता ती म्हणू शकत होती, हा नसेल, दुसरा असेल. घरी नेऊ शकत होती. आर्नला कधीच कळलं नसतं. तो विचार तिच्या मनात आला, आणि आला हेच तिला नंतर फार दिवस टोचत राहिलं.

"पान उघडण्याआधी सांगते," ती म्हणाली. "मिशा होत्या. मी खोडल्या."

चहाचं पाणी उकळून वाजायला लागलं. आर्न उठला नाही.

"सगळ्या?"

"सगळ्या. मला वाटलं, मी अंक सुधारतेय."

मग त्यानं अंक आपल्याकडं ओढला, मधलं पान उघडलं. घोडे स्वच्छ होते, उमदे, माळावर उधळलेले. तो उठून खिडकीशी गेला आणि पान तिरपं धरून बघत राहिला. आडव्या उन्हात कागदाच्या खाचा दिसतात, हे ग्लेनिसनंच गटावर कितीतरी जणांना शिकवलं होतं, दुरुस्ती ओळखायला म्हणून. तिच्या आत्ता ते ध्यानातही आलं नव्हतं.

"क्लेम दाबून लिहायचा," आर्न म्हणाला. "मास्तर ओरडायचे त्याला, मागच्या पानावर उमटतं म्हणून. हे बघ. इकडं ये, बाई, तिथून दिसणार नाही."

तिनं जाऊन बघितलं. घोड्याच्या नाकाखाली, कागदात दबलेली, दोन्ही टोकांना वर वळलेली मिशी होती. शेजारच्या घोड्यालाही होती. शिसं गेलं होतं, खाच उरली होती. आर्ननं बोट त्यावरून नेलं आणि त्याच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला.

"मी पेन्सिलीनं परत..." ती म्हणायला गेली.

"नको." तो एकदम म्हणाला. "तू काढलेली मिशी तुझी होईल."

त्यानं आतून स्वतःचा एकतिसावा अंक आणून टेबलावर ठेवला. स्वच्छ पिन, लांब रेघ. "हा घेऊन जा."

"मी नाही घेणार. कसा घेऊ?"

"अदलाबदल म्हटलं होतं मी. फुकट घेतला तर बिल ओट्स खरा ठरेल." त्यानं टोपी घातली. "आणि आता चल."

"कुठं?"

"क्लबात. या वेळी सगळे असतात तिथं. तुझं ते पहिलं त्यांनी वाचलं. दुसरं काही त्यांच्यातला कुणी वाचणार नाही. तोंडानं सांग."

ग्लेनिसला वाटलं, म्हणावं, आज नको, तयारी नाही, काय बोलायचं ते ठरवते. पण या माणसाला तयारीला वेळ कुणी दिला होता? तिनं पर्स उचलली.

क्लबाच्या दालनात बोलिंगच्या पांढऱ्या कपड्यातली म्हातारी मंडळी थंड बिअर घेऊन बसली होती. दार उघडलं तसं बोलणं थांबलं. आर्न भिंतीला टेकून उभा राहिला, त्यानं तिची ओळखही करून दिली नाही.

"मी ग्लेनिस पेंगेली," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "आर्नला चोर म्हणणारी बाई मीच. त्यानं काही चोरलं नव्हतं. अंक त्याचाच होता. माझ्याच घरातलं कपाट उघडून बघायला मी उठले नाही. आणि त्याच्या भावाच्या अंकातलं काहीतरी मी खोडून टाकलंय, ते परत येणार नाही. एवढंच."

कुणीतरी खाकरलं. मग खिडकीजवळचा लाल चेहऱ्याचा माणूस, तोच बिल असणार, म्हणाला, "काय रे आर्न, आम्ही थट्टा करत होतो. तू मनावर घेतलंस होय?"

"घेतलं," आर्न म्हणाला.

बिलनं ग्लासाकडं बघितलं. थोड्या वेळानं त्यानं पायानंच शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. आर्न गेला आणि बसला. ग्लेनिसला कुणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं असं तिला वाटलं.

घरी येऊन तिनं आर्नचा अंक नव्या पिशवीत घातला. पिशवीवर काय लिहावं याचा विचार करत ती कपाटापुढं उभी राहिली. मग एकेक करून तिनं आधीच्या सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या, पाहुण्यांच्या पलंगावर पसरल्या आणि जिथं जिथं तिचं रबर फिरलं होतं तिथं तिथं तसं लिहायला घेतलं. तिला वाटलं होतं त्याहून त्या पुष्कळ निघाल्या.

"जेवायला येतेस ना?" डेसनं विचारलं.

"तू घे," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."